दोन चौकटींमधला बाण काढणाऱ्यास

प्रति,
कारखान्याचं सॉफ्टवेअर आणि कचेरीचं सॉफ्टवेअर यांच्यामध्ये एक सरळ बाण काढून मोकळे झालेले आराखडाकार महोदय यांस,

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. घालायची गरजही नाही, कारण भोसरीपासून रांजणगावपर्यंत ज्या कारखान्यात जावं तिथे तुमच्याच हातचा बाण भेटतो. खाली एक चौकट, एमईएस : कोणता भाग, कोणत्या मशीनवर, किती वाजता, कोणाच्या हातून झाला याची नोंद ठेवणारी प्रणाली. वर दुसरी चौकट, ईआरपी : साठा, खरेदी, बिलं, हिशेब. दोन्हींच्या मध्ये बाण आणि बाणावर 'रिअल टाइम' ही अक्षरं. बैठकीत साहेबांनी मान डोलावली, चहा झाला, आणि तुम्ही पुढच्या कारखान्यात तोच बाण काढायला निघालात. हा बाण तुटला तर काय, असं त्या बैठकीत कोणी विचारलं नाही हे खरं. पण तो प्रश्न विचारण्याचे पैसे आम्ही तुम्हालाच देत होतो.

तो बाण जमिनीवर कुठून जातो ते एकदा चालून बघा. चाकणच्या शेडमधल्या स्कॅनरपासून खांबावरच्या वायफायच्या डब्यापर्यंत, तिथून पॅनेलशेजारच्या धूळभरल्या स्विचमध्ये, मग गेटबाहेर रस्त्याकडेच्या चरातल्या फायबरमधून, आणि शेवटी मुंबईतल्या नाहीतर जर्मनीतल्या एखाद्या सर्व्हरपर्यंत. या वाटेवर गुरुवार लागतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार आहे, हे इथल्या टपरीवाल्यालाही ठाऊक असतं. या वाटेवर जेसीबी लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खोदून घ्यायची घाई सुरू झाली की कुठली केबल कधी उचकटली जाईल याचा नेम नाही. वळवाचा पहिला पाऊस लागतो, आणि केबलच्या जोडात पाणी शिरतं. परदेशी मालकीचा कारखाना असेल तर मुख्यालयाची देखभालही लागते. जर्मनीत रात्रीचे दोन वाजलेले असतात, सगळं सामसूम, म्हणून ते सर्व्हर खाली घेतात. त्या वेळी आमच्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. पहिल्या पाळीच्या बस गेटात शिरत असतात.

यातली कोणती गोष्ट तुम्हाला अनपेक्षित वाटली? वार ठरलेला, ऋतू ठरलेला, देखभालीची वेळ तर ई-मेलने आधी कळवलेली. जे दर आठवड्याला घडतं त्याला तुम्ही तुमच्या कागदात 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणता आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकता. आमच्यासाठी ते कामाचं पहिलं पान आहे.

बाण तुटतो तेव्हा शेडमध्ये काय होतं ते सांगतो, कारण त्या वेळी तुम्ही तिथे नसता. तुमच्या आराखड्याचे दोन प्रकार मी पाहिले आहेत. पहिल्यात स्कॅन केल्यावर कारखान्याचं सॉफ्टवेअर ईआरपीच्या उत्तराची वाट बघत बसतं. पडद्यावर गोल फिरत राहतो. ऑपरेटर स्कॅनर हातात धरून उभा, मागे कन्व्हेयरवर भाग साचलेले, आणि तासातासाला माल मागणाऱ्या गिऱ्हाईकाचा फोन. मशीन ठीक, माणूस ठीक, माल ठीक. लाईन बंद, का, तर दीडशे किलोमीटरवरचा एक हिशेबनीस उत्तर देत नाही. दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो. त्यात सॉफ्टवेअर वाट बघत नाही. निरोप गेला नाही तर चूक कुठल्याशा लॉग फायलीत लिहून ते पुढे जातं. लाईन चालू राहते, सगळे खुश. भाग तयार झालेला आहे, डब्यात भरलेला आहे, पण ईआरपीच्या लेखी तो जन्मलाच नाही.

मग सुपरवायझर वही काढतो. ट्रॉली नंबर, नग, वेळ, असं हाताने लिहितो. पाळी संपल्यावर, घरी जायच्या वेळी, एक्सेलमध्ये भरतो आणि तिथून ईआरपीत. त्यातले काही निरोप मधल्या वेळात आपोआप गेलेले असतात, ते आता दोनदा चढतात. काही वहीत लिहायचे राहिलेले असतात, ते कधीच चढत नाहीत. महिनाअखेरीला 'फिजिकल', म्हणजे मालाची प्रत्यक्ष मोजणी, काढली की रॅकवरचा आकडा एक, सिस्टीमचा दुसरा. जाब कोणाला? त्या वहीवाल्यालाच. पाळीचा आकडा कमी का दिसतो, हे साहेब त्याला विचारतात. तुमचा बाण अजूनही भिंतीवरच्या तक्त्यात तितकाच सरळ असतो.

सॅपची ईआरपी वापरणाऱ्या कारखान्यांत 'कोगी' हा शब्द स्टोअरच्या माणसांसमोर उच्चारून बघा. तयार भाग नोंदवला की त्यात लागलेला कच्चा माल आपोआप खर्ची पडतो, आणि हे करताना जो व्यवहार अडतो तो कोगीच्या यादीत येऊन बसतो. आता समजा कास्टिंगची आवक आणि त्यापासून झालेल्या हाउसिंगचं उत्पादन, असे दोन निरोप अडकले होते. जोडणी परत आली आणि उत्पादनाचा निरोप आधी गेला. ईआरपी म्हणते, कास्टिंग साठ्यातच नाही, खर्ची कुठून टाकू? व्यवहार कोगीत. कास्टिंग तर शेडमध्ये समोर पडलेलं आहे. मग कोणीतरी तरुण मुलगी संध्याकाळी सातपर्यंत बसून एकेक ओळ मोकळी करते. रिजेक्शनची नोंद उत्पादनाच्या आधी पोचली तरी हीच गत. निरोप पोचणं पुरत नाही. ज्या क्रमाने घटना घडल्या त्याच क्रमाने ते पोचावे लागतात.

यावर उपाय कोणी जगावेगळा शोधायला नको होता. पुण्यात गुरुवारी पुष्कळदा नळालाही पाणी नसतं. म्हणून या शहरात गच्चीवर टाकी नसलेलं घर बांधायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि नळाचं पाणी थेट भांड्यात, मध्ये साठवण नको, असं सांगणाऱ्या गवंड्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. दोन प्रणालींच्या मध्ये एक साठवण ठेवायची होती. कारखान्याच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक नोंद आधी आपल्याजवळ, आपल्या डिस्कवर, पक्की लिहायची. ऑपरेटरला तिथल्या तिथे 'झालं' म्हणायचं. आणि मग एका वेगळ्या प्रक्रियेने ती नोंद वर पाठवायची. वरून पोच आली की खोडायची, नाही आली तर थांबून पुन्हा पाठवायची. आयबीएमने १९९३ साली एमक्यूसिरीज हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं ते याच कामासाठी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवरच्या उपकरणांसाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल रचला, तेव्हा उपग्रहाची महागडी आणि बेभरवशाची जोडणी त्यांनी गृहीतच धरली होती. सॅपच्या पोटातही रांगेने, क्रमाने निरोप पाठवायची सोय कित्येक वर्षं आहे. तुम्ही ती वापरली नाहीत.

आणि ज्या मानकाचं नाव तुमच्या पहिल्याच स्लाइडवर असतं, ते आयएसए-९५, पहिल्यांदा २००० साली निघालेलं, तेही तुमच्या बाजूने बोलत नाही. त्यात कारखान्याची प्रणाली तिसऱ्या पातळीवर आहे आणि धंद्याची चौथ्या. तिसऱ्या पातळीचा काळ पाळी, तास, मिनिटं, सेकंद असा मोजलेला. चौथ्या पातळीचा महिने, आठवडे, दिवस. ज्या प्रणालीचा विचार दिवसांत चालतो तिच्या एका सेकंदाच्या उत्तरावर तुम्ही लाईनचा श्वास अडकवलात. मानक वाचलं असतंत तर त्या दोन पातळ्या वेगळ्या का ठेवल्या आहेत हे कळलं असतं.

तुमच्यातले काही म्हणतील, आम्ही रांग ठेवतो. हो, ठेवता, मेमरीत. चाकणमध्ये नेटवर्क जातं तेव्हा पुष्कळदा वीजही गेलेली असते, कारण स्विचला यूपीएस द्यायचा खर्च अंदाजपत्रकातून आधीच कापलेला असतो. वीज गेली की संगणक बंद, मेमरी रिकामी, आणि तुमची रांग तिच्यातल्या नोंदींसकट नाहीशी. साठवण नेमकी जेव्हा लागते तेव्हाच ती पुसली जाते. ही चूक तुम्ही प्रत्येक कारखान्यात नव्याने करता.

दुहेरी नोंदीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे तुम्ही सगळ्यात जास्त हात झटकता. निरोप वर गेला, ईआरपीने ४८ हाउसिंग साठ्यात घेतले, पण तिची पोच खाली येताना जोडणी तुटली. खालच्या प्रणालीला काय दिसतं? उत्तर नाही. निरोप पोचलाच नाही, की पोचला आणि पोच हरवली, हे तिला ठरवता येत नाही. या कोड्याची मांडणी १९७५ साली झालेली आहे, आणि जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं : बेभरवशाच्या वाटेवरून कितीही निरोप आले-गेले तरी दोघांची शंभर टक्के खात्री कधीच पटत नाही. म्हणजे पुन्हा पाठवणं भाग आहे, आणि पुन्हा पाठवलं की ४८ चे ९६ होण्याचा धोका आहे. यातून वाट एकच. प्रत्येक नोंदीला जन्मतःच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि वरच्या प्रणालीने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर दुसऱ्यांदा नोंद न करता 'मिळाली' एवढंच म्हणायचं.

ही गोष्ट अवघड आहे असं सांगू नका. ज्या सरकारी पोर्टलांना आपण ऊठसूट नावं ठेवतो, त्यांच्या ई-इन्व्हॉइसमध्ये ती १ ऑक्टोबर २०२० पासून, म्हणजे योजना सुरू झाली तेव्हापासून आहे. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांतून ६४ अक्षरांचा एक क्रमांक निघतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर तोच क्रमांक निघणार, आणि पोर्टल सांगणार की हे आधीच नोंदलं आहे. भोसरीतला छोटा वर्कशॉपवालाही आता याला सरावला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना हे बंधनकारक आहे. सरकारला जमलं, तुम्हाला, ज्यांचं दिवसाचं मानधन त्या वर्कशॉपवाल्याच्या महिन्याच्या भाड्याशी स्पर्धा करतं, त्यांना जमलं नाही.

सरकारही ठेच लागूनच शिकलं, हे इथे सांगायला हवं. १ फेब्रुवारी २०१८ ला मालवाहतुकीचं ई-वे बिल देशभर सुरू होणार होतं. पहिल्याच दिवशी यंत्रणा भाराखाली कोलमडली आणि अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. ती १ एप्रिलला सुरू झाली. जे झालं ते मान्य करून तारीख बदलली गेली. तुमच्या गो-लाइव्हची तारीख मात्र कोणत्याही परिस्थितीत हलत नाही.

सगळं काही साठवून नंतर पाठवता येतं असं मी म्हणत नाही. गेटवर ट्रक उभा आहे आणि ई-इन्व्हॉइसचा क्रमांक हवा आहे, तर तो आत्ताच हवा. उद्या मिळून उपयोग नाही. तिथे दुसरी इंटरनेट जोडणी लागते, पर्यायी पोर्टलाची तयारी लागते. भाग पुढच्या स्टेशनला जाऊ द्यायचा की अडवायचा, हा निर्णयही थांबू शकत नाही. म्हणून तो कारखान्याच्या आतल्या प्रणालीनेच घ्यायला हवा, वर विचारायला जाण्याचं कारण नाही. उलट दिशेचंही बघायला हवं. पुढच्या दोन-तीन पाळ्यांच्या प्रॉडक्शन ऑर्डरी, त्यांच्या भागांच्या याद्या, लेबलांचे नमुने शेडमध्ये आधीच उतरवून ठेवले पाहिजेत, नाहीतर नोंदी साठवायला जागा असूनही लाईनला काय बनवायचं तेच कळत नाही. उत्पादनाची, खपाची, रिजेक्शनची नोंद मात्र खुशाल दोन तास थांबू शकते. काय थांबू शकतं आणि काय नाही, ही वाटणी करणं हेच तुमचं काम होतं. ती करायला शेडमध्ये येऊन बसावं लागतं.

आता तारखेचं. ३१ मार्चच्या रात्री दहाला जोडणी गेली आणि १ एप्रिलला पहाटे दोनला आली. तुमचं सॉफ्टवेअर साठलेले निरोप पाठवतं आणि प्रत्येकावर पाठवण्याच्या क्षणाची तारीख टाकतं. मध्यरात्रीआधीचं दोन तासांचं उत्पादन एका आर्थिक वर्षातून उचलून दुसऱ्यात. लेखापरीक्षक विचारतात, रॅकवर माल होता, पुस्तकात का नव्हता? म्हणून नोंदीवर घटना घडली ती वेळ हवी, आणि कधी पोचली ती वेळ वेगळी हवी. मागचा महिना बंद झाल्यावर उशिरा आलेल्या नोंदींचं काय करायचं हे लेखाविभागाशी आधी बसून ठरवायला हवं. मशीनच्या कंट्रोलरांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवायला हवीत. काही कंट्रोलर बॅटरी गेल्यावर वेगळ्याच सालात जाऊन बसतात.

साठवण किती मोठी हवी हे जपानच्या टोयोटाने स्वतःच्या अनुभवातून जगाला सांगितलं आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला त्यांचे जपानमधले सर्व १४ कारखाने थांबले. भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर २७ तारखेला नेहमीची देखभाल चालू होती. जुना डेटा काढून नीट लावताना डिस्कवर जागा पुरली नाही आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर त्याच व्यवस्थेवर होते, त्यामुळे त्यांनाही तोच अडथळा आला. मोठ्या जागेच्या सर्व्हरवर डेटा हलवला तेव्हा काम सुरू झालं. टोयोटाने हे कारण जाहीर निवेदनात स्पष्ट सांगितलं. तुमच्या आराखड्यात साठवण असली तरी तिची मर्यादा किती, भरत आली तर कोणाला फोन जाणार, काठोकाठ भरली तर लाईन थांबवायची की जुन्या नोंदी टाकायच्या, यातलं काही लिहिलेलं मला दिसलेलं नाही. ते लिहिलेलं नसलं की निर्णय रात्री तीन वाजता एकट्या शिफ्ट इंचार्जवर येतो.

जोडणी परत आल्यावरचीही एक रीत असते. तुमचं सॉफ्टवेअर साठलेल्या सगळ्या नोंदी एका दमात वर फेकतं. ईआरपी गुदमरते, उत्तरं उशिरा येतात, तुमचं सॉफ्टवेअर त्याला अपयश समजून पुन्हा फेकतं, आणि आत्ताच उभी राहिलेली यंत्रणा परत आडवी होते. पाठवणी मोजून-मापून हवी. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेलेला हवा. आणि एखादी नोंदच सदोष असेल, समजा भागाचा क्रमांक ईआरपीत अस्तित्वातच नाही, तर ती कितीदाही पाठवली तरी जाणार नाही. तिला बाजूला काढून माणसासमोर ठेवायची. एका वाईट नोंदीपायी मागच्या हजार चांगल्या नोंदी ताटकळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या दिवशी सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या देत होते.

रांगेत किती नोंदी आहेत आणि सर्वांत जुनी किती वेळ थांबली आहे, हे दोन आकडे लाईनवरच्या बोर्डावर दिसू द्या, उत्पादनाच्या आकड्याशेजारी. ते बघून सुपरवायझर निर्धास्त काम करेल किंवा वेळेत फोन करेल. तुम्ही हे आकडे एका पासवर्डमागे ठेवता आणि तो पासवर्ड फक्त हिंजवडीतल्या तुमच्या माणसाकडे असतो, जो शनिवार-रविवार फोन उचलत नाही. चाकण आठवड्याचे सगळे दिवस चालतं.

हिंजवडी म्हटलं की मला खरा राग येतो, तोही सांगून टाकतो. जगभरच्या बँकांचे व्यवहार एकही पैसा न हरवता, न दुणावता इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं याच शहरात, चाकणपासून तासा-दीड तासावर बसतात. ज्ञान इथेच आहे. तुम्ही ते चाकणच्या शेडसाठी खर्च केलं नाहीत, कारण बँकेचा पैसा हरवला तर तुमची नोकरी जाते आणि आमच्या हाउसिंगची नोंद हरवली तर वहीवाल्याचा रविवार जातो.

म्हणून पुढच्या कामाची अट आत्ताच लिहून देतो. गो-लाइव्हच्या आधी एक चाचणी होईल. गुरुवारी नाही, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुसऱ्या पाळीत, लाईन पूर्ण वेगात असताना. केबल तुम्ही स्वतः, तुमच्या हाताने काढायची. एका तासाने त्याच रॅकची वीजही बंद करून पुन्हा चालू करायची. मध्यरात्र उलटली की केबल जोडायची, आणि नोंदी वर जात असताना एकदा परत काढायची. मग लेखाविभागाचा माणूस, स्टोअरचा माणूस आणि तुम्ही, तिघांनी मिळून रॅकवरची प्रत्येक ट्रॉली मोजायची. ती ईआरपीत एकदाच, ज्या महिन्यात भरली त्याच महिन्यात, योग्य क्रमाने दिसली पाहिजे. लाईन या सगळ्यात एकदाही थांबलेली नसावी. त्या रात्री सुपरवायझरला वही उघडावी लागली, तर तुमचं शेवटचं बिल माझ्या सहीशिवाय परत येईल.

आपला,
चाकणच्या एका शेडमध्ये पाळीच्या आकड्याचा जाब देणारा अभियंता